प्राध्यापकांसाठी झाडलेला डोंगर

कामिसावा, इना खोरे
२९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप तामाएताईस, आणि विशेषतः तिच्या उजव्या गुडघ्यास, धाकट्या किनुएचा वाकून नमस्कार.

इस्पितळात तुला भात मऊ मिळो, शेजारच्या खाटेवरची बाई न घोरो आणि गुडघा पूर्वीपेक्षा शहाणा होऊन घरी येवो, एवढं मी रोज सकाळी देवघरापाशी मागते आहे. (तिन्ही गोष्टी एकदम मागते. वेगवेगळी उदबत्ती लावत नाही, देव एकच आहे.) इकडे सगळं ठीक. काकीच्या झाडाची फळं सोलून, वाळवायला माळा ओसरीवर टांगल्या आहेत, एकशे बारा भरली. सोलताना एकशे चौदा होती, दोन यांनी तुरट असतानाच खाल्ली आणि दुपारभर तोंड वाकडं करून बसले होते. विचारलं तर म्हणाले, "पिकली की नाही ते बघत होतो." चाळीस वर्षं हे असंच बघतात.

तुझं ऑपरेशन झालं आणि सख्खी बहीण भेटायला आली नाही, याचा राग आला असेल. यायला हवा होताच. पण इथे जे झालं ते मागे टाकून यायचं तोंड नव्हतं. प्रकरण लांबलचक आहे, आणि तुला तसंही झोपूनच राहायचं आहे, तेव्हा सावकाश वाच.

आमच्या वरच्या मजल्यावर, जिथे सासूबाईंच्या वेळी रेशमाचे किडे असत, तिथे चार वर्षांपूर्वी विद्यापीठातली एक मुलगी राहायला आली. ओरिकासा तिचं आडनाव. तू तिला एकदा पाहिलं आहेस, आजोबांच्या श्राद्धाला जिने सगळ्यांच्या चपला रांगेत लावून दिल्या होत्या ती. मुलगी चांगली आहे, फक्त जेवताना पायाखालच्या मातीबद्दल बोलते. पाइनच्या मुळांवर जी बुरशी राहते ती जमिनीतल्या कार्बनचं काय करते, हा तिचा अभ्यास. मी मॅट्रिक, तीसुद्धा गणिताच्या जोरावर, शास्त्रात काठावर. पण भांडी घासताना कोणी समोर बसून काही सांगत असेल तर मी ऐकते, त्याला वेगळा खर्च नाही.

तर ती म्हणते, आपण मात्सुताके म्हणून जी अळंबी वेचतो ते नुसतं फळ. खरी बुरशी जमिनीखाली, पांढऱ्या सुतासारखी, झाडाच्या मुळांना गुंडाळून बसलेली असते. झाड हवेतून कार्बन घेतं, त्याची साखर करतं आणि त्यातला बराच वाटा खाली हिच्याकडे पोचवतं. ही त्याबदल्यात मातीतून नत्र आणि पाणी आणून देते.

"म्हणजे भाडेकरू," मी म्हटलं.

"हो काकू, तसंच म्हणा."

"आणि भाडं वेळेवर देते?"

"दुष्काळात कधीकधी देत नाही असं वाचलंय."

"मग भाडेकरूच."

ती हसली, पण मला त्या दिवसापासून चैन पडेना. लग्न होऊन या डोंगरावर आले तेव्हापासून मी त्या मातीवर चालते आहे, आणि खाली इतकी देवघेव चालू आहे याचा पत्ताच नाही! मी विचारायला लागले. पाइनच्या सुया गळतात, कुजतात, त्यांच्यातला कार्बन परत हवेत जातो की जमिनीतच राहतो? बुरशी मेली की तिचं सूत कुठे जातं? ओरिकासा म्हणाली, तेच तर कोणाला नीट ठाऊक नाही. एक पंथ म्हणतो, ही बुरशी मातीतलं नत्र आधीच ओढून घेते, त्यामुळे पालापाचोळा कुजवणारे बाकीचे जीवजंतू उपाशी राहतात, कुजणं मंदावतं आणि कार्बन जमिनीत साठतो. दुसरा पंथ म्हणतो, छे, नत्र कमी पडलं की हीच बुरशी पाचोळा फोडून काढते आणि कार्बन उडून जातो. म्हणजे ही बुरशी साठवणारी सून की उधळी, एवढाच प्रश्न, आणि त्यासाठी जगभरचे विद्वान भांडताहेत. माझं मत मी पहिल्याच दिवशी दिलं. जमिनीखाली राहते, पांढरं नेसते, कोणाला दिसत नाही आणि काम करते. अशी बाई उधळी असूच शकत नाही. ओरिकासाने ते वहीत टिपून घेतलं नाही.

आता आमच्याकडे डोंगर कसा ठेवतात ते तुला माहीत आहे. दर वसंतात दाताळं घेऊन सगळ्या सुया ओढून काढायच्या, जमीन अंगणासारखी उघडी करायची. मातीत कस नसला की मात्सुताके खूश. (मला ही बुरशी याचसाठी आवडते. भरल्या घरात तिला करमत नाही.) ओरिकासाला मात्र पाचोळा हवा होता. म्हणून आमच्या उतारावरचा एक कोपरा दोरी लावून तिला दिला आणि चार वर्षं तिथे दाताळं फिरवलं नाही. गावाला ते बघवत नसे. शेजारच्या तोमेयोआजी, वय अठ्ठ्याहत्तर, येता-जाता म्हणायच्या, "किनुए, तुझ्या डोंगराला दाढी आलीये गं." मी हसायचे आणि घरी येऊन ओसरी दोनदा झाडायचे, तेवढंच समाधान.

या महिन्याच्या बारा तारखेला ओरिकासाचे प्राध्यापक येणार होते. मुगिकुरा त्यांचं नाव, फार मोठे गृहस्थ, त्यांनी बुरशीत आयुष्य काढलं आहे. जुलैत तिने जमिनीत काहीतरी पुरलं होतं, ते नव्वद दिवसांनी त्यांच्यादेखत उकरून वजन करायचं होतं. काय पुरलं ते तिने मला सांगितलं नव्हतं, का ते पुढे कळेलच. एवढंच म्हणाली, "काकू, या वेळचे आकडे हातात आले तर माझा प्रबंध पूर्ण होईल. नाही आले तर विभाग हे काम बंद करणार, आणि मला दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत बाटल्या धुवाव्या लागतील." हे म्हणताना ती आपल्या वाटीतला शेवटचा भाताचा दाणा चॉपस्टिकने उचलत होती. चार वर्षांपूर्वी ती दाणे ठेवायची. मी शिकवलं.

यंदा महिला मंडळाची पाळी माझ्याकडे आहे. पाहुणे येणार म्हटल्यावर काय करायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. अकरा तारखेला सकाळी ओरिकासा मात्सुमोतोला प्राध्यापकांना आणायला गेली, रात्र तिथेच राहणार होती, आणि आम्ही अकरा जणी डोक्याला फडकी बांधून निघालो. आधी सभागृहाबाहेरची गटारं, मग रस्ता, मग देवळाच्या पायऱ्या. पायऱ्यांवर उभ्या राहून तोमेयोआजींनी वर बघितलं.

"आणि ती दाढी?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"टोकियोचा माणूस येणार, आणि किनुएच्या सासरचा डोंगर असा? उद्या म्हणेल, कामिसावात बायका नाहीत का."

ताई, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? मी म्हटलं, प्रयोग मातीच्या आत आहे, आम्ही तर वरूनच झाडणार. (हे वाक्य मी गेले अठरा दिवस रोज स्वतःला म्हणून दाखवते आहे. दरवेळी आणखी वाईट वाटतं.) दोन तासांत कोपरा असा लख्ख झाला की गुडघे टेकून जेवावं. पाचोळा निघाल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. जमिनीतून दोऱ्या वर आल्या होत्या, दोरीच्या टोकाला कागदी चिठ्ठी. एक ओढली, तर टी-बॅग. दुसरी ओढली, तीही टी-बॅग. मोजून एकशे साठ, ओळीने, आणि प्रत्येकीजवळ ओरिकासाची छोटी निळी निशाणी.

"डोंगराला कोणी चहा पाजलाय बाई," तोमेयोआजी म्हणाल्या.

मी क्षणभर विचार केला, आणि मला उलगडा झाला असं वाटलं. शरदात लाल पानं बघायला शहरातले लोक येतात, चहा पितात, कचरा खुपसून जातात. ओरिकासा स्वभावाने भिडस्त, कोणाला बोलणार नाही, म्हणून तिने जिथेजिथे कचरा सापडला तिथे निशाणी लावून ठेवली, प्राध्यापकांना दाखवायला. पण पाहुण्याला कचरा दाखवायचा असतो का? आम्ही सगळ्या काढल्या, भोकं बुजवली, निशाण्या वाकड्यातिकड्या होत्या त्या सुतात एका रांगेत लावल्या. जमिनीत पांढऱ्या नळ्याही रोवलेल्या होत्या, त्या पुसल्या. पुसताना ज्या हातात आल्या त्या धुऊन, लांबीप्रमाणे लावून, सभागृहाच्या दाराशी मांडून ठेवल्या.

टी-बॅगा टाकवेनात. निम्म्यांत हिरवा चहा होता, निम्म्यांत लाल, आफ्रिकेकडचा असावा. कुजका म्हणावा तर पुरता कुजला नव्हता. सभागृहाच्या तातामी चटया झाडायच्या होत्याच, आणि ओली चहापत्ती पसरून झाडलं की धूळ उडत नाही हे आपल्याला आईने शिकवलेलं. पिशव्या फाडल्या, माती चाळली, पत्ती पसरली, झाडली. ताई, चटया अशा झाल्या की नव्या नवरीला बसवावं. लाल पत्तीने तर वेगळाच उजाळा आला. घरची पत्ती खर्ची पडली नाही याचं मला समाधान वाटत होतं, हेही लिहूनच टाकते.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक आले. पांढरे केस, अतिशय नम्र, चपला काढून आत आले आणि तातामीवर हात फिरवून म्हणाले, "इतकी स्वच्छ चटई मी तीस वर्षांत पाहिली नाही." अकरा जणी लाजलो. ओरिकासा त्यांना चहा देऊन, सगळं तयार आहे ना ते बघायला वर डोंगरावर गेली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेल्या भोपळ्यासारखा झाला होता.

"काकू, दोऱ्या कुठायत?"

"काढल्या. एकही ठेवली नाही."

"आणि... पिशव्या?"

मी चटईकडे बोट दाखवलं. प्राध्यापक बसले होते तिकडेच. त्यांनी एक हात टेकून स्वतःला थोडं उचललं आणि खाली बघितलं.

मग कळलं ते असं. पाचोळा किती वेगाने कुजतो हे मोजायला जगभर टी-बॅगाच पुरतात, कारण प्रत्येक पिशवी सारखी, वजन ठरलेलं. हिरवी पत्ती लवकर कुजते, लाल उशिरा. नळीच्या आतल्या जमिनीत मुळं तुटलेली, म्हणजे बुरशीला झाडाची साखर बंद. नळीबाहेर बुरशी जेवून-खाऊन. आतल्या आणि बाहेरच्या पिशव्यांची वजनं ताडून बघितली की सून साठवते की उधळते ते कळणार. आणि हे तिने मला का सांगितलं नव्हतं? कारण पहिल्या वर्षी तिने एक टी-बॅग एकदाच वापरून टाकली म्हणून मी तिला अर्धा तास ऐकवलं होतं. एकशे साठ कोऱ्या टी-बॅगा जमिनीत पुरते आहे हे मला सांगायची तिची छाती झाली नाही. म्हणजे बघ, माझ्या काटकसरीने तिचं तोंड बंद केलं आणि माझ्याच काटकसरीने पिशव्या फाडल्या. पत्ती मी शेवंतीच्या बुडाशी टाकली होती, ती ओरिकासाने जाऊन पाहिली, चिमूटभर हातात घेतली, परत ठेवली. रडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि सगळ्यांचे कप धुवायला लागली.

मी कपाळ चटईला लावून माफी मागितली. प्राध्यापकांनीही लावलं, म्हणाले, आपण येणार म्हणूनच तुम्हाला झाडावं लागलं, चूक आपली. असा माणूस समोर असला की गुन्हा दुप्पट होतो. उठताना त्यांनी एवढं सांगितलं की विभागाला ते वसंतापर्यंत थांबवू शकतील, त्यापुढे नाही. बर्फ पडायच्या आत दुसरी जागा मिळाली, जिथे बुरशी जिवंत आहे आणि निदान दहा वर्षं कोणी पाचोळा ओढलेला नाही, तर पिशव्या पुन्हा पुरता येतील आणि वसंतात काढता येतील.

दहा वर्षं न झाडलेला डोंगर, आणि तोही या खोऱ्यात! आम्ही दोघी दारोदार फिरलो. तुला ठाऊक आहे, मात्सुताकेची जागा लोक पोटच्या पोराला सांगत नाहीत. तोमेयोआजी म्हणाल्या, "आमचे हे शेवटचा श्वास घेताना कानाशी तोंड आणून 'कुठे गं?' म्हणाले, तेव्हा सांगितली नाही, तुला सांगू?" मग मी सासूबाईंची जागा ओरिकासाला दाखवली. होय, दाखवली. त्यांनी ती मला एकटीला सांगितली होती आणि यांनाही अजून माहीत नाही. ओरिकासाने वाकून माती हुंगली, हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "काकू, ही तुम्ही दरवर्षी झाडता ना?" झाडते. अंगणापेक्षा जास्त झाडते. वचन मोडलं आणि उपयोगही झाला नाही.

असो. तू स्वस्थ पडून राहा, गुडघ्याला वाकवायला सांगतील तेवढाच वाकव, आणि नर्सला रागावू नकोस. भाओजींना नमस्कार. ते घरी एकटे आहेत म्हणून लोणच्याची बरणी दिली आहे, बरणी परत हवी.

तुझी धाकटी,
किनुए

ता. क. हे पत्र नुसतं हकीकत कळवायला लिहिलं आहे असं तुला वाटलं असेल. बाबांचा डोंगर बाबा गेल्यापासून कोणी झाडलेला नाही, बारा वर्षं झाली. तिथे त्यांची जागा आहे, आणि ती त्यांनी थोरली म्हणून तुला एकटीला दाखवली. ती ओरिकासाला देशील का? एक अळंबी कोणी उचलणार नाही. तुझ्या होकाराचं पोस्टकार्ड आलं तरी पुरे.

ता. ता. क. होकार यायला वेळ लागेल आणि बर्फ थांबणार नाही, म्हणून पिशव्या गेल्या गुरुवारीच पुरल्या. जागा मला माहीत होती. बाबा तुला घेऊन गेले त्या सकाळी मी सोळा वर्षांची होते आणि तुमच्या मागे मागे आले होते. फुटका खडक आणि वाकडं झाड यांच्या मधोमध बाबांनी काठी टेकवली, तू मान डोलावलीस, आणि मी खालच्या बाजूला नेच्याच्या झुडपात श्वास धरून बसले होते. एकेचाळीस वर्षांत तिथे एकदाही गेले नाही, एक अळंबी घेतली नाही, हे देवीसमोर सांगते. गुरुवारी देवीलाही रीतसर विचारलं. डोंगराची देवी दिसायला बेताची, आपल्याहून कुरूप कोणी दिसलं की खूश होते, म्हणून आपण काटेरी मासा वाळवून ठेवतो. पण यंदा मासा मिळाला नाही, तेव्हा यांचा गाडीच्या लायसनवरचा जुना फोटो ठेवला. वारा लगेच थांबला. यांना सांगू नकोस.

ता. ता. ता. क. आता शेवटचं. तू बारा वर्षं त्या खडकाशी जातेस आणि रिकामी टोपली घेऊन उतरतेस, हे मला ठाऊक आहे. दर शरदात तू मला "बाबांच्या जागेवरच्या" म्हणून ज्या अळंब्या पाठवतेस त्यांच्याखाली दुकानातलं हिरवं प्लास्टिकचं नेचं असतं. मी कधी बोलले नाही, तूही नको बोलूस. बाबा रागावले आहेत असं तू मनाशी धरून बसली आहेस, हे मला भाओजींकडून कळलं. ते रागावलेले नाहीत. ओरिकासाने मोजून दाखवलं, ही बुरशी मुळांच्या कडेकडेने कडं करून वाढते, वर्षाला चार-सहा बोटं बाहेर सरकते, अळंबी त्या कड्यावरच येते आणि मधली जमीन ओस पडते. बाबांनी तुला खरीच जागा दाखवली, फक्त ती तेव्हापासून चालते आहे आणि तू बाबांच्या काठीपाशी उभी आहेस. (आमच्या सासूबाई दरवर्षी पाऊलभर पुढे जाऊन वाकायच्या, मला वाटायचं कमरेमुळे.) ते कडं आता चार मीटर खाली आलं आहे, मी लपून बसले होते बरोबर त्या नेच्यात. नऊ उगवल्या होत्या. आठ ओरिकासाने मोजून जागच्या जागी ठेवल्या, तुझ्या परवानगीशिवाय हात लावणार नाही म्हणाली. नववी मी घेतली, ती या पत्राबरोबर आहे, सूप करायला नर्सला सांग. बाकीच्या पुढच्या शरदात बघू. गुडघा चालू लागला की ये, मी पुढे चालते. या वेळी तू माझ्या मागून ये, लपायचं कारण नाही.